मुलांचा हेतू मुलांनाच लिहू द्या: सोलापुरातील परदेशी शिक्षण सल्लागारांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील परदेशी शिक्षण सल्लागार केंद्रांचे चालक आणि समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. माझे पती अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल प्रोसेसिंगच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. आमच्या मुलीला ऑस्ट्रेलियात पर्यावरण विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि नंतर तिचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेला. नकार आम्ही पचवला असता. पण नकारानंतर जो सल्ला मिळाला, तो ऐकून गप्प बसवेना. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. हीच एसओपी जरा फिरवतो आणि फाइल कॅनडाला लावतो." एसओपी म्हणजे 'स्टेटमेंट ऑफ पर्पज', शिकायला जाण्यामागचा आपला हेतू सांगणारा कागद. ज्या कागदावर फाइल पडली तोच कागद देशाचे नाव बदलून पुन्हा पाठवायचा, आणि खाली सही पुन्हा आमच्या मुलीची.

त्या केंद्राचे नाव मी घेणार नाही. हा प्रकार एकाच टेबलावर चालत असता, तर समोर बसून बोलले असते. सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत आणि जुळ्या सोलापुरातही माझे माजी विद्यार्थी तुमच्याकडे येतात, त्यांचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून हे पत्र सगळ्यांना आहे.

आधी त्या एसओपीबद्दल. माझी मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर एका डाइंग युनिटच्या लॅबमध्ये कामाला लागली. तिची एक वही आहे, शेडच्या रेसिपी लिहायची. तिच्या मागच्या पानांवर ती युनिटमधून बाहेर जाणाऱ्या पाण्याचे आकडे लिहीत असे: तारीख, पाण्याचा पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), त्या दिवशी कुठला रंग चालू होता. गडद निळ्या आणि काळ्या शेडच्या दिवशी आकडे कसे चढतात हे त्या पानांवर सरळ दिसते. हे तिला कुणी सांगितले नव्हते. या पाण्याचे काय करता येईल, ते पुन्हा वापरता येईल का, हे तिला शिकायचे होते. ज्या शहराच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ज्याचे टॉवेल परदेशात जातात आणि ज्याला उन्हाळ्यात काही दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येते, त्या शहरातल्या मुलीने हा विषय का निवडला हे समजायला कुणाला फार वेळ लागू नये.

पण एसओपीत यातले काहीच नव्हते. वही नव्हती, डाइंग युनिट नव्हते, सोलापूर एकदा आले होते तेही पत्त्यात. मजकूर होता जागतिक दर्जाच्या प्राध्यापकांचा, बहुसांस्कृतिक वातावरणाचा आणि शिक्षण संपल्यावर मुंबईतल्या नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीत उच्च पदावर काम करण्याच्या स्वप्नाचा. असे स्वप्न तिने कधी पाहिले नाही. तिने स्वतः लिहून दिलेली दोन पाने समुपदेशकाने बाजूला ठेवली होती. कारण दिले, "असे लिहिले की ऑफिसर कन्फ्यूज होतो." नकाराच्या पत्रात मात्र अधिकाऱ्याने नेमके हेच लिहिले की या अभ्यासक्रमाचा अर्जदाराच्या पुढच्या वाटचालीशी संबंध पटत नाही. मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. समोरच्या कागदावरून त्याला दुसरे काही वाटणे शक्यच नव्हते.

इतकी वर्षे निबंध तपासते आहे. कॉपी केलेला परिच्छेद कुठे सुरू होतो ते मला ओळीच्या वळणावरून कळते. नकार आल्यावर मी माझ्या एका माजी विद्यार्थ्याची एसओपी मागून घेतली. तो होटगी रोडचा, मेकॅनिकलचा, दुसऱ्या केंद्रातून गेलेला. 'मी भारतात का परतणार' हा परिच्छेद दोघांच्या कागदात शब्दशः एकच होता. स्पेलिंगची एक चूकसुद्धा तीच होती. एका मुलीचा आणि एका मुलाचा, वेगळ्या घरांचा, वेगळ्या विषयांचा घरी परतण्याचा हेतू एकाच चुकीसकट सारखा कसा असेल? हे मी ओळखू शकते, तर दिवसभर भारतातले अर्ज वाचणारा अधिकारी ओळखणार नाही असे तुम्हाला वाटते का?

आता नियमांबद्दल, कारण तुम्ही फी घेता ती नियम माहीत असण्याची. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४ पासून आलेल्या अर्जांसाठी 'जेन्युइन टेम्पररी एन्ट्रंट' ही अट काढून टाकली. तुमच्या भाषेत जीटीई. तिच्या जागी 'जेन्युइन स्टुडंट' ही अट आली. पूर्वी मुलाला आपण तात्पुरते येतो आहोत हे एका निवेदनात पटवून द्यावे लागे. आता ऑनलाइन अर्जातच ठरावीक प्रश्न विचारतात. तुझी सध्याची परिस्थिती काय, घर, समाज, नोकरी आणि पैसा यांच्याशी तुझे नाते काय. हाच कोर्स, हीच संस्था आणि हाच देश का. या शिक्षणाचा तुला पुढे उपयोग काय. प्रत्येक उत्तर इंग्रजीत, १५० शब्दांच्या आत. नुसत्या ठोकळेबाज विधानांना, ज्यांच्या पाठीशी पुरावा नाही त्यांना, फार वजन दिले जात नाही हे तिथल्या खात्यानेच सांगितले आहे. आणि शिक्षण झाल्यावर पुढे रीतसर मार्गाने कुणी कायम वास्तव्यासाठी अर्ज केला, तर त्यामुळे तो खोटा विद्यार्थी ठरत नाही, हेही या बदलात मान्य केलेले आहे. तरीही आमच्या मुलीच्या फाइलला जो कागद जोडला होता त्याचे शीर्षक 'जीटीई स्टेटमेंट' होते. गेलेल्या नियमाचे उत्तर नव्या प्रश्नाखाली चिकटवले होते.

देशादेशांत फरक आहे, आणि तोच तुम्ही आम्हाला समजावून सांगायला हवा. अमेरिकेच्या कायद्याचे कलम २१४(ब) सुरुवातच अशी करते की व्हिसा मागणारा माणूस कायमचा राहायला येतो आहे असे गृहीत धरावे. तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी मुलाची. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुलगा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत पोचतो आणि खिडकीसमोर त्याला काही मिनिटे मिळतात. हातातली फाइल बहुतेक वेळा उघडलीही जात नाही. कॅनडात मुदत संपल्यावर अर्जदार देश सोडेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, पण पुढे कायम राहण्याचा विचार मनात आहे एवढ्यावरून नकार देता येत नाही, असे तिथला कायदा म्हणतो. तीन देशांचे तीन प्रश्न आहेत. 'जरा फिरवलेली' एक एसओपी तिघांना पुरेल कशी?

अमेरिकेच्या खिडकीसमोर काय होते ते माझ्या एका विद्यार्थ्याने मला सांगितले. त्याच्या वडिलांचे एसटी स्टँडजवळ चहा-नाश्त्याचे कँटीन आहे. त्या कँटीनवर त्यांनी दोन मुलींची लग्ने केली आणि मुलाला इंजिनिअर केले. केंद्रात त्याच्याकडून पाठ करून घेतले होते, "माय फादर इज अ बिझनेसमन." अधिकाऱ्याने विचारले, कसला बिझनेस? मुलगा अडखळला, कारण कँटीन हा शब्द सरावात नव्हता. सांगायचा की नाही हे त्याला ठरवता येईना. सराव करून घेतला नसता, तर तो वडिलांच्या कँटीनबद्दल दहा मिनिटे बोलला असता, कारण बारावीपर्यंत सकाळी दूध आणायचे काम त्याचेच होते. परत जाऊन तो काय करणार, कुणासाठी करणार, हे सगळे त्या कँटीनमध्ये होते. त्याच्या हातात २१४(ब)चा कागद पडला.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र यापुढची आहे. पालकांना पहिल्या दिवशी समोर बसवून तुम्ही काय सांगता? "तिथे दोन-तीन वर्षांत सेटल. पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याचे, पॉइंट मिळतात. नंतर तुम्हालाही बोलावून घेईल." कर्ज काढायला बाप तयार होतो तो या वाक्यावर. मग त्याच टेबलावर, त्याच मुलाच्या नावाने तुम्ही टाइप करता की मला परदेशात राहण्यात कसलाही रस नाही, माझे आईवडील आणि माझी मातृभूमी मला बोलावते आहे. मुलगा दोन्ही ऐकतो. वीस-बावीस वर्षांचा असतो तो. आयुष्यातला पहिला मोठा सरकारी कागद, आणि त्यावर खोटे लिहायचे असते हे त्याला त्याच्या शहरातली मोठी माणसे शिकवतात. शिक्षिका म्हणून मला याचे जे वाईट वाटते ते मुलीच्या नकारापेक्षा जास्त आहे.

आणि खोटे लिहायची गरजच नव्हती. माणसाचा आजचा हेतू प्रामाणिक असू शकतो आणि उद्याचे आयुष्य वेगळे वळण घेऊ शकते. याच शहरातले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे चौघे परतले. कोटणीस तिथल्या जखमींत राहिले, तिथेच लग्न केले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. निघताना त्यांच्या मनात खोट होती असे कुणी म्हणेल का? मुलाला दहा वर्षांनी तू कुठे असशील याची हमी कुणी मागत नाही. आज तू का चाललास, कशाच्या जोरावर चाललास आणि दिलेल्या मुदतीचे, अटींचे काय करशील, एवढे खरे सांग, हा प्रश्न आहे. दोन वर्षे तिथे रीतसर काम करून अनुभव घ्यायचा विचार असेल, तर जिथे नियम परवानगी देतो तिथे तो विचार लपवायचे कारण नाही.

खोट्याची शिक्षा मुलाला होते, तुम्हाला नाही, हे पालकांनी इथे वाचून ठेवावे. अर्जात खोटी माहिती किंवा बनावट कागद आढळला तर ऑस्ट्रेलियात तीन वर्षे, कॅनडात पाच वर्षे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकते. अमेरिकेत तर फसवणुकीचा ठपका कायमचा असतो. नुसता साधा नकारसुद्धा पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो, कारण 'यापूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का' हा प्रश्न बहुतेक फॉर्मवर असतोच. २०२३ मध्ये बनावट ऑफर लेटरवर कॅनडात गेलेल्या, मुख्यतः पंजाबच्या, विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली. पत्र बनावट आहे हे एजंटने आम्हाला कळू दिले नाही, असे त्यातले अनेक जण सांगत होते.

पैशांचेही तेच. ऑस्ट्रेलियासाठी १० मे २०२४ पासून वर्षाच्या राहण्या-खाण्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, शिवाय पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च. एवढी रक्कम एमआयडीसीतल्या सुपरवायझरच्या खात्यात नसते. यावर सरळ मार्ग आहे: शैक्षणिक कर्ज, त्याचे मंजुरीपत्र, आईवडिलांचे आयटी रिटर्न, पगाराचे दाखले. दुसराही एक मार्ग तुमच्या टेबलावर हळू आवाजात सुचवला जातो: "फंड दाखवून देतो, महिन्याचे अमुक टक्के." खात्यात अचानक आलेली ती रक्कम अधिकाऱ्याला दिसते. हे सुचवणे बंद करा.

अर्जाची चावी कुणाकडे असते, हाही प्रश्न आहे. आमच्या मुलीचे अर्जाचे ऑनलाइन खाते केंद्राने स्वतःच्या ईमेलवर उघडले होते. पासवर्ड तिच्याकडे नव्हता. अर्जात शेवटी काय भरले गेले हे तिने नकारानंतर, भांडून मागितल्यावर पाहिले. नकाराचे पत्रही आधी केंद्राकडे आले आणि तिला कळायला आठवडा लागला. सगळे खरे आहे असे प्रतिज्ञापूर्वक सांगणारी ती, आणि तिनेच ते वाचलेले नाही!

ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाची फी जुलै २०२४ मध्ये ७१० डॉलरवरून १,६०० झाली आणि जुलै २०२५ पासून २,०००. आपल्याकडच्या हिशेबाने लाखाच्या वर. नकार आला तर ती परत मिळत नाही, आणि इथून केलेल्या अर्जावर अपिलाची सोयही सहसा नसते. कॉलेजला भरलेली फी मात्र व्हिसा नाकारल्यास थोडी कपात करून परत देण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती, आम्ही स्वतः शोधून काढली.

विद्यार्थी दाखल झाला की परदेशातल्या कॉलेजकडून तुम्हाला कमिशन मिळते. त्यात गैर काही नाही, पण मग 'तुझ्यासाठी हेच कॉलेज उत्तम' या सल्ल्यामागे काय आहे हे मुलाला कळले पाहिजे. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. शिक्षणासाठी मुले पाठवणाऱ्याला ती लागत नाही. तुमच्यावर परवान्याची देखरेख नसल्यामुळे तुमच्या सचोटीवरच आमची भिस्त आहे. तरी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या सेवेला आणि 'शंभर टक्के व्हिसा' लिहिलेल्या फ्लेक्सला लागू होतो, आणि जिल्हा ग्राहक आयोग सोलापुरातच आहे.

तुमची गरज नाही असे मी म्हणत नाही. पुण्या-मुंबईच्या मुलाला सीनियर असतात, चुलतभाऊ असतात, विचारायला माणसे असतात. बार्शी-मंगळवेढ्याच्या मुलाला कुणी नसते. आईवडिलांना इंग्रजी फॉर्म वाचता येत नाही. अशा घराला चांगला सल्लागार मिळाला तर त्या घराचे भले होते, आणि असे काम मनापासून करणारे तुमच्यात आहेत हेही मला ठाऊक आहे. त्यांनी हे पत्र स्वतःवर ओढून घेऊ नये, पण बाकीच्यांना चार शब्द सुनवावेत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. एसओपी आणि अर्जातली उत्तरे मुलाने स्वतः लिहावीत. तुम्ही व्याकरण दुरुस्त करा, प्रश्न विचारून त्याच्याकडून खरी माहिती काढा, पण तयार परिच्छेद चिकटवू नका. अर्जाचे खाते मुलाच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे असू द्या. 'सबमिट' करण्याआधी पूर्ण अर्ज छापून मुलाला आणि पालकांना दाखवा, ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत, त्यांच्या घरच्या बोलीत वाचून दाखवा, आणि मगच सही घ्या. निकालाचे पत्र आले की त्याच दिवशी जसेच्या तसे द्या. तुमची फी, कॉलेजकडून मिळणारे कमिशन आणि नकार आल्यास काय परत मिळेल हे लेखी द्या. ज्या देशाचा नियम बदलला त्याची तारीख आणि बदल केंद्रात फलकावर लावा. 'शंभर टक्के व्हिसा'चे फ्लेक्स उतरवा. पीआरचे आमिष दाखवून फाइल घेऊ नका.

या गोष्टी मान्य असलेल्या केंद्रांनी तसे लेखी जाहीर करावे. येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी एक बैठक घ्या, पालकांनाही बोलवा. मी येईन, माझ्यासारखे आणखी पालक आणि शिक्षक येतील. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मुलांना स्वतः लिहिता येत नाही, अशी तुमची अडचण असेल, तर ती माझ्यावर सोपवा. रविवारी सकाळी मी आणि माझे दोन-तीन सहकारी मुलांना बसवून लिहून घेऊ, एक पैसा न घेता. मुलीने तिची उत्तरे आता स्वतः लिहायला घेतली आहेत. पुढचा अर्ज ती कुणाच्याही केंद्रातून करणार असेल, तर त्या केंद्राने वरच्या अटी आधी लेखी मान्य केलेल्या असतील.

कळावे.

आपली,
एक आई आणि माध्यमिक शिक्षिका,
सोलापूर